प्राड्विवाक आणि पुरसीस

रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव निघालें कीं, इ. स. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा वध आणि राघोबादादांस शास्त्र्यांनीं सांगितलेलें देहांत प्रायश्चित्त, एवढीच कथा डोळ्यांपुढें येते. कथा थोर खरी. परंतु तिच्या तेजानें न्यायाधीशाचें नित्याचें काम झांकून गेलें आहे.

धर्मशास्त्रांत न्यायाधीशास ‘प्राड्विवाक’ म्हणतात. पुसतो तो प्राट् आणि विवेचून सांगतो तो विवाक, अशी या शब्दाची फोड करितात. पुसणें आधीं, सांगणें मागून. व्यवहाराचे पादही चार: वादीची भाषा, प्रतिवादीचें उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि निर्णय. पहिल्या तिहींत न्यायाधीशानें ऐकावयाचें व शोधावयाचेंच असतें.

मराठेशाहींतील वतनाच्या तंट्यांचे कागद पाहतां हाच क्रम बहुतांशी फारशी नांवांनीं आढळतो. उभयतांकडून राजीनामा व जामीनकतबा घेत. हा राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद नव्हे. होईल तो निवाडा मान्य करूं, अशी ती लेखी कबुली. भाषा व उत्तर यांच्या जागीं दोघांच्या तकरीरी. त्यांत संशय दिसेल तेथें पुरसीस होई. गंमत अशी कीं, हा फारशी शब्द व संस्कृत ‘प्रच्छ्’ धातु एकाच कुळांतले. प्राड्विवाकच जणूं वेष पालटून मजलसींत बसला होता! पुढें कागदपत्र, भोगवटा, साक्षी. याज्ञवल्क्याचीं लिखित, भुक्ति व साक्षी हीं प्रमाणें तीं हींच. यांनीं उलगडा न झाल्यास दिव्य. निवाडा गोतसभेंत झाला तर महजर होऊन त्यावर पाटलाचा नांगर उठे.

या पद्धतीचा अवास्तव गौरव मात्र करूं नये. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकार घेई. वाद कोणीही जिंको, सरकारास प्राप्ति ठरलेली. बलिष्ठ देशमुखासमोर उभ्या राहिलेल्या दुबळ्या वतनदाराचा राजीनामा कितपत राजीखुषीचा असेल, हाही प्रश्नच आहे. शिवाय हरलेला पक्ष संधि मिळतांच दुसऱ्या ठाण्यीं फिर्याद नेई, आणि एकेक तंटा पिढ्यान्‌पिढ्या चाले.

म्हणूनच महजर हातीं आला असतां शेवटच्या निवाड्यावर उडी न मारतां तकरीरी सावकाश वाचाव्या. दुष्काळांत परागंदा झालेलें घर, पोटासाठीं विकलेली निम्मी पाटिलकी, मानपानावरून फुटलेले भाऊ, हें सारें कोणीतरी पुसलें म्हणूनच तेथें उतरलेलें आहे.