विश्लेषण : स्वतःला ‘आळशी वर्गातला’ म्हणवणारा जमीनदार… आयर्लंडचे पहिले समाजवादी विल्यम थॉम्पसन कोण होते?

आयर्लंडच्या कॉर्क काउंटीत २८ मार्च १८३३ रोजी एका श्रीमंत जमीनदाराचे निधन झाले. आपली बहुतांश मालमत्ता सहकारी चळवळीला द्यावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. नातेवाईक न्यायालयात गेले. मृत्युपत्र करणारा माणूस वेडा होता, असा त्यांचा दावा होता. हा ‘वेडा’ म्हणजे विल्यम थॉम्पसन. कार्ल मार्क्स यांच्या जन्माला जेमतेम सहा वर्षे झाली होती, तेव्हा ‘संपत्ती कष्टकरी निर्माण करतो, मग तोच गरीब का?’ या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला होता.

थॉम्पसन कोण होते?

त्यांचा जन्म १७७५ मध्ये कॉर्क शहरात झाला. वडील बडे व्यापारी आणि शहराचे महापौर होते. वडिलांच्या मृत्यूनंतर १८१४ मध्ये व्यापार आणि जमीन त्यांच्या वाट्याला आली. त्या काळी अनेक जमीनदार दूर शहरांत राहून आयर्लंडमधील कुळांकडून खंड वसूल करत. थॉम्पसन मात्र पश्चिम कॉर्कमधील ग्लँडोरजवळच्या आपल्या जमिनीवर राहिले. कुळांना त्यांनी जमीन भाडेपट्ट्याने दिली, शेती सुधारण्याचे प्रयोग केले, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. तरीही आपण इतरांच्या कष्टावर जगतो, हे त्यांनी लपवले नाही. ‘लेबर रिवॉर्डेड’ या १८२७ च्या पुस्तकावर लेखकाचे नाव होते ‘आळशी वर्गांपैकी एक’.

मूळ सिद्धांत काय?

तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थम यांच्या लंडनमधील घरी ते काही महिने राहिले होते. ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हा बेन्थम यांचा निकष त्यांनी संपत्तीच्या वाटपाला लावला. त्यातून १८२४ मध्ये संपत्तीच्या वितरणावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ आला.

एका उदाहरणातून तो समजून घेऊ. समजा, विणकर मालकाच्या मागावर दिवसाला दहा वार कापड विणतो. सूत आणि मागाची झीज तीन वारांच्या किमतीत भागते. विणकराला मजुरी मिळते तीन वारांइतकी. उरलेले चार वार कोणाचे? थॉम्पसन यांच्या मते याची दोन उत्तरे संभवतात. कामगार म्हणेल, मालकाला झीज भरून मिळावी आणि वर कष्टकऱ्याइतकेच उत्पन्न मिळावे. मालक म्हणेल, यंत्रामुळे जे जास्तीचे निघाले ते सगळे माझे. या जास्तीच्या भागासाठी थॉम्पसन यांनी ‘अतिरिक्त मूल्य’ असा शब्द वापरला.

मात्र बळजबरीने वाटप करण्यास त्यांचा विरोध होता. कमावलेले हातात राहील याची खात्री नसेल, तर कोणी कमावणारच नाही, असे ते म्हणत.

स्त्रियांच्या हक्कांवरून वाद का झाला?

स्त्रियांचे हित वडील आणि पतीच्या हितात सामावलेले असल्याने त्यांना मताधिकाराची गरज नाही, असे मत जेम्स मिल यांनी मांडले होते. त्याला थॉम्पसन यांनी १८२५ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिले. त्यातले विचार मैत्रीण अ‍ॅना व्हीलर यांचेही आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले. व्हीलर यांनी व्यसनी पतीचे घर सोडले होते. तेव्हाच्या कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवरही हक्क नव्हता. मग दोघांचे हित एक कसे, हा पुस्तकाचा सवाल होता. कायद्याने समानता दिली तरी बाळंतपण आणि मुलांचे संगोपन एकट्या स्त्रीवर राहिले, तर स्पर्धेत ती मागेच पडेल, हा मुद्दाही त्यात आहे.

रॉबर्ट ओवेन यांच्याशी मतभेद कोणते?

दोघांनाही सहकारी वसाहती हव्या होत्या. ओवेन यांची मदार श्रीमंत आणि सरकारवर होती. थॉम्पसन यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. वसाहत लहान असली तरी चालेल, पण ती कामगारांच्या पैशातून उभी राहावी आणि त्यांच्याच मालकीची असावी, असा त्यांचा आग्रह होता. याच काळात क्लेअर काउंटीत रालाहाइन येथे एका जमीनदाराच्या जमिनीवर सहकारी वसाहत सुरू होती. १८३३ मध्ये तो जुगारात बुडाला आणि जमीन धनकोंच्या ताब्यात गेली. वसाहतीतील शेतमजुरांचा तिच्यावर कायदेशीर हक्क नव्हता. मालकी कोणाची, हा थॉम्पसन यांचा प्रश्न किती कळीचा होता, ते यातून दिसले.

मृत्युपत्राचे काय झाले?

खटला सुमारे पाव शतक चालला. अखेर नातेवाईक जिंकले, पण मालमत्तेचा मोठा हिस्सा वकिलांवर खर्च झाला होता. सहकारी चळवळीला ती मिळाली नाही.

थॉम्पसन यांचे विचार मात्र मागे राहिले. मार्क्स यांनी आपल्या लेखनात त्यांच्या ग्रंथाचा उल्लेख केला. आयरिश कामगार नेते जेम्स कॉनोली यांनी १९१० मध्ये त्यांना पहिले आयरिश समाजवादी म्हटले. संपत्ती कोणाच्या हाती जाते हे कष्टावर नव्हे, तर मालकीच्या कायद्यावर ठरते, असे थॉम्पसन आयुष्यभर सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेचा निकालही त्याच कायद्याने लावला.