क्यू घडवताना

स्नूकर हा खेळ विलायती वाटत असला, तरी त्याचा जन्म आपल्याच देशातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो रचला (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन निराळे) आणि त्याचे नियम उटीच्या क्लबात लागले. तेव्हा चेंडू हस्तिदंताचे असत. आज ते कृत्रिम राळेचे असतात आणि आपल्या घरांतील मुले निःशंक मनाने हा खेळ खेळतात. मात्र हातातील क्यूकडे सहसा कोणी बारकाईने पाहत नाही. ती स्वतः घडवायला घेतली, की पाहावेच लागते.

क्यूची लांबी सुमारे ५८ इंच आणि वजन साधारण ५०० ग्रॅम असते. टोक साडेनऊ मिलिमीटरचे, तर मुठीकडचा शेवट सुमारे २९ मिलिमीटरचा. पुढचा दांडा बहुधा ॲश या परदेशी लाकडाचा असतो. त्याचा चौकोनी तुकडा निवडताना रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या पाहाव्यात. रेषा मध्येच बाजूला पळत असेल, तर तो तुकडा स्वस्तातही घेऊ नये. पुढे तो वाकणारच. चातुर्मासात हे काम काढू नये, कारण दमट हवेत लाकूड फुगते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

नवशिक्याला लेथ लागत नाही. धारदार रंधा, करवत, व्हर्नियर कॅलिपर आणि पॉलिश पेपर एवढे पुरे. मात्र सर्व जाडी एका बैठकीत उतरवू नये. लाकडाच्या पोटात ताण असतो. थर निघाला की तो मोकळा होऊन दांडा किंचित वळतो. थोडे रंधावे, काही दिवस उभे टांगून ठेवावे, डोळ्यासमोर धरून वळण पाहावे आणि पुन्हा रंधावे. आधी निमुळता चौकोन, मग अष्टकोन, मग सोळा बाजू आणि शेवटी गोल. घाईत असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

खरे कसब मुठीच्या जोडात आहे. दांड्याच्या खालच्या भागाच्या चारही बाजू लांब उतरत्या रंधून, त्यांवर काळ्या किंवा गडद लाकडाच्या पट्ट्या डिंकवतात. आधी समोरासमोरच्या दोन, त्या वाळल्यावर उरलेल्या दोन. पुढे गोलाई देताना या पट्ट्यांतून चार टोकदार बाण आपोआप उमटतात. चारही बाण एका उंचीवर आले, तर काम बिनचूक. एखादा वर-खाली झाला, तर कोठे किती जास्त रंधले ते स्पष्ट दिसते. आयुष्य ताळेबंद तपासण्यात गेलेल्या माणसाला हा हिशेब फार आवडतो: येथे फरकाची रक्कम किरकोळ खात्यात टाकता येत नाही.

मुठीसाठी एबनी वापरण्याची रीत आहे. माझे मत असे, की जुन्या मोडक्या कपाटाची किंवा टेबलाची शिसवी मिळाल्यास तीच घ्यावी. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, तसेच दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्यही आहे. क्यूच्या बाबतीत हे तिन्ही विषय समोर येतात, याचे मला नवल वाटले. सुताराचा जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, म्हणून जोडासाठी कृत्रिम राळेचा डिंक घ्यावा. फ्रेंच पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेच्या किड्यांपासूनचे. त्याऐवजी जवसाचे तेल पातळ थरांत चोळावे, लाकूड सुरेख खुलते.

राहते ती टोकावरची टिप. ती परंपरेने चामड्याचीच असते आणि खेळाडू तीच पसंत करतात, कारण चामडे खडू चांगला धरते. कृत्रिम टिपाही मिळतात. चेंडूवर त्यांचा स्पर्श निराळा लागतो आणि सवय व्हायला वेळ जातो. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला हे कठीण वाटेल, आणि ते खरेही आहे. तरीही घरी घडवलेल्या क्यूवर कोणती टिप लावायची, हे दुकानदाराने नव्हे, घरातल्यांनी बसून ठरवावे. मुलालाही त्या चर्चेत घ्यावे. पितळी टोपण बसवून टिप चिकटवल्यावर तिला नाण्याच्या कडेसारखी गोलाई द्यावी.

दोन सूचना. शिसवीची धूळ घशाला व त्वचेला त्रास देते. मुखपट्टी बांधूनच घासावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत.