दिवाणी दावा आणि गरिबाचा वकील

कोर्टकचेरी म्हटली की आपल्या वस्त्यांमधील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम पोलीस, अटक आणि जामीन उभा राहतो. फौजदारी खटल्याची धास्ती सर्वांनाच असते. परंतु गरिबाचे राहते घर, वडिलार्जित जमीन, थकलेली मजुरी, टाकून दिलेल्या पत्नीची पोटगी, वारस म्हणून मिळणारा वाटा हे सर्व प्रश्न बहुतांशी दिवाणी स्वरूपाचे असतात. येथे कोणी बेड्या घालण्यासाठी येत नाही. बेलिफ एक कागद देऊन जातो, तो कागद फळीवर पडून राहतो, आणि काही महिन्यांनी घर खाली करण्याचा हुकूम घेऊनच तो परत येतो. दिवाणी हक्क पुष्कळदा लढून हरल्यामुळे जात नाही. तो मुदतीत न लढल्यामुळे जातो. म्हणून या विषयाची माहिती सर्व समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थ्यांना असणे अत्यंत आवश्यक आहे.

महाडचा दावा

दिवाणी दाव्याचे महत्त्व किती असते हे समजण्यासाठी आपल्याच इतिहासातील उदाहरण पुरेसे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले, हे आपण सर्वजण जाणतो. त्यानंतरचा कोर्टातील लढा मात्र फारसा सांगितला जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, महाडच्या सनातनी मंडळींनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तेथील दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे खासगी स्वरूपाचे आहे व अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची पूर्वापार रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. दावा न्यायप्रविष्ट असल्याने परिषदेने सत्याग्रह तहकूब केला.

पुढे १९३१ साली मूळ दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला. वादींनी अपील केले, तेही फेटाळले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अशी रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. एका तळ्याच्या पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ तारखा सांभाळाव्या लागल्या. प्रतिवादींनी या दाव्यात हजर राहून पुरावा दिला नसता, तर एकतर्फी हुकूमनामा होऊन रूढीवर न्यायालयाचा शिक्का बसला असता. स्वतः बॅरिस्टर असलेल्या नेत्यामुळे हा दावा लढवता आला. ज्याच्यापाशी ना पैसा, ना अक्षरओळख, अशा माणसाने काय करावे?

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. परळच्या त्यांच्या कार्यालयात गोरगरीब माणसे आपले कज्जे घेऊन येत आणि फी देण्याची ऐपत नसलेल्यांनाही सल्ला मिळत असे. वकिलाची विद्या ही समाजाची ठेव आहे, हाच त्यामागील विचार होय.

आता हा हक्क आहे

जे पूर्वी वकिलाच्या सद्भावनेवर अवलंबून होते, ते आज कायद्याने हक्क म्हणून दिले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ समाविष्ट झाले. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत पुरवावी असे हे कलम सांगते. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ करण्यात आला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला.

या अधिनियमाचे कलम १२ प्रत्येकाने लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती व जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, आपत्तिग्रस्त आणि अटकेत असलेली व्यक्ती यांना मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. इतर व्यक्तींसाठी शासनाने ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागू होते व त्याबाबत सामान्यतः प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाते. 'दाखला नाही म्हणून वकील नाही' या समजुतीने अनेकजण दारातूनच परत फिरतात, ते योग्य नाही. मात्र आपल्या प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असले पाहिजे, हेही कायदा सांगतो.

अर्ज कोठे करावा? तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. साध्या कागदावर अर्ज करता येतो. लिहिता येत नसल्यास तोंडी सांगितलेले तेथे लिहून घेतात. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, नकलांचा खर्च यांचा या मदतीत समावेश होतो. नेमलेल्या वकिलाला मानधन प्राधिकरण देते. त्याने पक्षकाराकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, आणि मागितल्यास त्याच कार्यालयात तक्रार करता येते. याखेरीज महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार व घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे.

मुदत चुकवू नका

समन्स मिळाल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते. कारण दाखवल्यास न्यायालय ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो व गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. उसनवारीच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची, तर मालकी हक्काच्या जोरावर स्थावराचा ताबा मागण्यासाठी बारा वर्षांची आहे. समन्स घेण्याचे नाकारल्याने दावा थांबत नाही.

लोकअदालतीचा मार्गही उपयुक्त आहे. तेथे तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा मजकूर वाचून घेतल्याशिवाय व समजल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.

स्वयंसेवी वकील कशासाठी?

शासनाची यंत्रणा असताना वकिलांनी विनामूल्य काम का करावे, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, यंत्रणेला अर्ज लागतो, आणि अर्ज करण्यापूर्वीच गरीब माणूस अडतो. आलेला कागद नोटीस आहे, समन्स आहे की हुकूम आहे, हेच त्याला उमगत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली नाही हे त्याला जमीन विकली गेल्यावर कळते. अशा वेळी वस्तीत बसून कागद वाचणारा, नोटिशीला उत्तर लिहून देणारा आणि कधी कधी 'या दाव्यात दम नाही, तडजोड करा' असे प्रामाणिकपणे सांगणारा वकील हवा असतो.

निर्धन व पीडित यांना आपल्या कुवतीनुसार विनामूल्य मदत देणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतच म्हटले आहे. २०१७ पासून केंद्र शासनाच्या न्याय विभागानेही स्वेच्छेने काम करू इच्छिणाऱ्या वकिलांची नोंदणी सुरू केली असून ती योजना 'न्याय बंधू' या नावाने ओळखली जाते. मात्र एक पथ्य पाळावे. फुकट घेतलेले प्रकरणही फी घेतलेल्या प्रकरणाइतक्याच काळजीने चालवावे. वकीलपत्र घेऊन तारखेला गैरहजर राहणारा वकील हा वकील नसण्यापेक्षा अधिक घातक होय, कारण पक्षकार त्याच्या भरवशावर घरी बसलेला असतो.

संस्था व विद्यार्थी यांचे कार्य

प्रत्येक वकिलाने महिन्यातून एक रविवार दिला आणि बुद्धविहारात कागदपत्र वाचनाचा वर्ग भरवला, तरी मोठे काम उभे राहील. विद्यार्थ्यांना त्यासाठी सनद लागत नाही. समन्सवरील तारीख वाचून दाखवणे, ती वहीत टिपणे, वृद्ध माणसाला तालुक्याच्या समितीपर्यंत सोबत नेणे, अर्जाची पोच घेऊन ठेवणे ही कामे दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी करू शकते. ज्यांना अधिक काम करावयाचे आहे त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेता येते.

शिका हा मंत्र आपण घरोघर पोहोचवला. त्या शिक्षणाचा उपयोग शेजारच्या घरात आलेला कोर्टाचा कागद वेळेवर वाचून देण्यासाठी झाला, तर एखाद्या कुटुंबाचे छप्पर शाबूत राहील. या कामी संस्थेच्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढे यावे, ही नम्र विनंती.