उल्हासच्या खोऱ्यांतील एक दिवस

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण प्रवासाच्या बाबतींत जितकी खरी ठरते तितकी दुसऱ्या कोणत्याहि बाबतींत क्वचितच ठरत असेल. प्राचीन देवळें पाहावयाचीं म्हणून मुंबईकडील कुटुंबें थेट खजुराहोपर्यंत जातात. परप्रांतीयांच्या चालीरीती पाहाव्या म्हणून साठविलेला पैसा आणि सुटीचे दिवस खर्च करितात. परंतु रोज लाखों माणसें मध्य रेल्वेच्या ज्या मार्गानें कामावर जातात, त्याच मार्गावर कल्याणच्या पुढें उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन शहरें एकापाठोपाठ एक लागतात. साडेनऊशें वर्षांहून जुनें देऊळ, आपली भूमि सोडून आलेल्या लोकांची नगरी आणि या सर्वांना पाणी पाजणारी नदी, एवढें सारें तेथें एका दिवसांत पाहातां येतें, याची जाणीव खिडकीशीं बसलेल्या प्रवाशासहि बहुधा नसते.

आलेल्या पाहुण्यास एका दिवसांत आपली संस्कृति कशी दाखवावी, याचा धडा कोरिया देशाच्या राजधानीकडून घेण्याजोगा आहे. सोल शहरांत पाहुण्यास ग्योंगबोकगुंग नांवाच्या राजवाड्यांत नेतात. हानबोक हा तेथील पारंपरिक पोशाख भाड्यानें मिळतो, आणि तो घालून आलेल्यास राजवाड्याचें प्रवेशमूल्य पडत नाहीं. किमची हें मुरविलेलें तोंडीलावणें स्वतःच्या हातानें करून पाहण्याची सोयहि अनेक ठिकाणीं असते. मात्र चांगला मार्गदर्शक एवढ्यावर थांबत नाहीं. १३९५ मध्यें उभारलेला हा राजवाडा १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळीं जळाला, १८६७ मध्यें पुन्हां बांधला गेला, जपानी अमलाखालीं त्याचा बहुतेक भाग पाडण्यांत आला आणि १९९० पासून तो पुनश्च उभारला जात आहे, हेंहि तो सांगतो. डोळ्यांना काय दिसतें एवढेंच नव्हे, तर काय गेलें आणि काय परत मिळविलें, हें पाहुण्यास कळतें. स्थळ आणि पाहुणा यांच्यामध्यें मार्गदर्शक हवा तो याचसाठीं. हीच दृष्टि घेऊन उल्हासच्या खोऱ्यांत एक दिवस घालविला, तर काय पदरीं पडेल तें पाहूं.

सकाळचा पहिला मुक्काम उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींतून आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची कोनशिला बसविण्यांत आली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. आजहि येथील रहिवासी पत्ता सांगतांना कँप नंबर तीन, कँप नंबर पांच असेंच म्हणतात. छावणी गेली, तिचे आकडे मात्र राहिले.

बाहेरचा माणूस येथें येतो तो बहुधा लांकडी सामान किंवा कापड स्वस्त मिळतें म्हणून. येथील मालाची नक्कल म्हणून थट्टा करण्याचीहि एक जुनी खोड आहे. अशा पाहुण्यास मार्गदर्शकानें प्रथम बाजारांत न नेतां न्याहारीला न्यावें. दाल-पकवान ही सिंधी घरांतील सुटीच्या सकाळची न्याहारी: मैद्याची तळलेली कुरकुरीत पुरी, तिच्याबरोबर हरभऱ्याची घट्ट डाळ, वर चटणी आणि कांदा. कांदा घालून केलेली जाड कोकी, पालक, चुका आणि डाळ एकत्र शिजवून केलेली साईभाजी, हीं नांवेंहि त्याच वेळीं कानांवर पडतील. दारीं आलेल्यास पाण्याबरोबर पापड देण्याची त्यांची रीत तर आपल्याकडील गूळपाण्याची आठवण करून देणारी आहे. ज्यांचे वाडे, शेतें आणि पेढ्या सीमेपलीकडे राहिल्या, त्यांनीं पाहुण्याच्या पुढें कांहीं ठेवण्याची चाल मात्र बराकींतहि सोडली नाहीं, हें समजल्यावर थट्टेला जागा उरत नाहीं.

सिंधी लोकांचें आराध्य दैवत झुलेलाल. ठठ्ठा येथील मिर्खशाह नांवाच्या सत्ताधीशाच्या जुलुमापासून सोडवावें म्हणून लोकांनीं सिंधु नदीच्या कांठीं चाळीस दिवस प्रार्थना केली आणि नसरपूर येथें देवानें जन्म घेतला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून जुलै-ऑगस्टच्या सुमारास चालीहो हें व्रत पाळतात. दिवा, खडीसाखर, फळें असें साहित्य ताटांत मांडून बहिराणा निघतो आणि तो पाण्यांत सोडतात. सिंधु नदी तर आतां परदेशांत राहिली; म्हणून जें पाणी जवळ असेल त्यालाच सिंधु मानावयाचें. नदी हरपलेल्या लोकांच्या नगरीला दुसऱ्या एका नदीचें नांव मिळालें, हा योग ध्यानांत घेण्यासारखा आहे.

येथें मार्गदर्शकानें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी, गुजराती, बंगाली या भाषांना आपापलीं राज्यें आहेत. सिंधीला भारतांत असें राज्य नाहीं. १९६७ मध्यें घटनेच्या आठव्या अनुसूचींत तिचा समावेश झाला, हें खरें. परंतु भाषा टिकते ती घरांत आणि शाळेंत. सिंधी परंपरेनें अरबी वळणाच्या लिपींत लिहिली जाते, आणि आजोबांनीं सिंधहून जपून आणलेलें पुस्तक नातवास वाचतां येत नाहीं असें अनेक घरांत घडतें. देवळाचा दगड ढांसळला तर तो दिसतो. भाषेची भिंत ढांसळते ती ऐकूंहि येत नाहीं.

उल्हासनगरला लागूनच अंबरनाथ आहे. स्थानकाच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या कांठीं, काळ्या दगडाचें शिवमंदिर उभें आहे. पांडवांनीं एका रात्रींत हें देऊळ बांधिलें आणि उजाडल्यामुळें शिखर अपुरें राहिलें, अशी कथा सांगतात. कथा सांगावी, पण कथा म्हणूनच. कारण देवळानें आपली साक्ष स्वतःच जपून ठेविली आहे. उत्तरेकडील दारावरील तुळईवर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यांतील शक पूर्वीं ७८२ असा वाचला गेला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचें दाखविलें. एका अंकाच्या वाचनानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें! ठाण्याहून उत्तर कोंकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यांतील छित्तराजानें हें काम आरंभिलें आणि त्याचा भाऊ माम्वाणि याच्या कारकीर्दींत तें पुरें झालें, असें सामान्यतः मानतात.

देवळाचें तोंड पश्चिमेस आहे. घाईनें आंत शिरण्यापूर्वीं बाहेरून एक फेरी घालावी. भिंती सरळ नाहींत. कोनावर कोन घेत त्या आंतबाहेर वळतात, आणि त्यामुळें सूर्य जसा सरकतो तशी एकेका मूर्तीवर ऊनसावली पडते. तळाशीं हत्तींची रांग, तिच्यावर माणसांचे थर, त्याहून वर देवदेवता, असा क्रम लागतो. शिखराच्या चारी अंगांनीं वर चढणारे पट्टे आणि त्यांच्यामध्यें ओळींनीं रचलेलीं इवलींइवलीं शिखरें, या घडणीला भूमिज शैली म्हणतात. माळव्यांतील उदयपूरचें उदयेश्वर आणि सिन्नरचें गोंदेश्वर हीं याच शैलीचीं देवळें आहेत. आंत मंडपांत कोरीव खांब आणि त्यांच्यावर घुमटाकार छत आहे. तेथून गाभाऱ्याकडे जातांना वर चढावें लागत नाहीं, तर पायऱ्या उतराव्या लागतात. आणि खालीं गेल्यावर डोक्यावर छताऐवजीं आकाश दिसतें. १८६८ मध्यें मुंबईच्या कलाशाळेकडून या कोरीव कामाचीं चित्रें व सांचे करविण्यांत आले. आज हें स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तरीहि तें जिवंत देवस्थान आहे आणि महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. शिल्पें निवांत पाहावयाचीं असतील त्यानें हिंवाळ्यांतील एखादा साधा वार निवडावा.

देवळामागील वालधुनीकडे मात्र बहुतेक पाहुणे पाठ फिरवितात. कारखान्यांचें आणि वस्त्यांचें सांडपाणी वर्षानुवर्षें सोसून तिचा नाला झाला आहे. शिलाहारांच्या कारागिरांनीं जागा निवडली ती नदी पाहून. हजार वर्षें टिकलेला दगड जपण्यासाठीं कायदा आहे, आणि ज्या पाण्यासाठीं दगड तेथें आला तें पाणी एका माणसाच्या आयुष्यांत नासलें, हें मार्गदर्शकानें लपवूं नये. वालधुनी पुढें उल्हासलाच मिळते.

दुपार कलल्यावर बदलापूर गांठावें. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्यें सुरू झाला, तेव्हांपासून हें गांव आगगाडीच्या वाटेवर आहे. त्यापूर्वीं येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ति लोक सांगतात. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास कर्जतवरून येथें येते. बदलापूरजवळ तिच्यावर बंधारा आहे आणि त्या पाण्यावर बदलापूर व अंबरनाथ येथील घरांची तहान भागते. हीच नदी कोपली म्हणजे काय होतें तेंहि सांगण्यासारखें आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून सुखरूप बाहेर काढावें लागलें. म्हणून पावसाळ्यांत कोंडेश्वरच्या धबधब्याकडे जाणाऱ्यांनीं पाण्यांत उतरण्याचा मोह टाळलेलाच बरा.

या खोऱ्याचे मूळ रहिवासी आगरी, ठाकूर, कातकरी. नव्या इमारतींच्या गर्दींत त्यांचे पाडे शोधावे लागतात. आगऱ्यांच्या लग्नांत धवलारीण नांवाची स्त्री धवळे गाऊन विधि पार पाडते. तीं गाणीं एका बाईकडून दुसरीकडे तोंडींच येतात. शिकणारी भेटली नाहीं तर गाणारीबरोबरच जातात. सिंधींची लिपि आणि धवलारणीचें गाणें, दोहोंना भय एकच. पाहुण्यानें तांदळाची भाकरी मागून खावी, आणि गाणें ऐकावयास मिळालें तर टाळ्या वाजविण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारावा.

असा हा एक दिवस. एका गांवीं माणसांची साक्ष, दुसऱ्या गांवीं दगडाची, तिसऱ्या गांवीं पाण्याची. यांपैकीं दगडाची साक्ष सर्वांत भक्कम दिसते, पण तीसुद्धां वाचणारा भेटला तेव्हांच बोलली. मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांनीं म्हणून एवढेंच करावें: छायाचित्रें हवीं तितकीं घ्यावीं, परंतु प्रत्येक ठिकाणीं तेथल्या एखाद्या वृद्ध माणसास मुलांकडून एक प्रश्न विचारवावा आणि उत्तर वहींत उतरवून घ्यावें. परतीच्या गाडींत तीं तीन उत्तरें वाचून काढण्यास वेळ पुरेसा असतो.