आधी साल बघायचं

सकाळी सहा

जुनी गाडी बघायची ती सकाळी, इंजिन गार असताना. विकणारा हुशार असेल तर तासभर आधी एक फेरी मारून ठेवतो. मग गार इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट ऐकू येत नाही आणि सायलेन्सरमधला निळसर धूरही दिसत नाही. म्हणून माझा दिवस लवकर सुरू होतो. बंगळुराजवळच्या बोम्मसंद्रात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नोकरी केली, आता लोकांना जुन्या गाड्या तपासून देतो. होसूर रोडच्या या टोकाला मराठी पोरं पुष्कळ आहेत, सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगावकडची. कुणी जिगणीच्या कारखान्यात, कुणी इलेक्ट्रॉनिक सिटीत, कुणी हॉस्पिटलात. पहिली गाडी घ्यायची वेळ आली की माझा नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव असतं वॅगनआर.

आज इचलकरंजीची एक नर्स येणार आहे. रात्रपाळी संपवून थेट येईल. तिचा धाकटा भाऊ जिगणीला कामाला आहे, दोघांत मिळून एक गाडी. मी तिला आधीच विचारलं होतं, "मेट्रोनं भागत नाही का गं?" २०२५ च्या ऑगस्टमध्ये यलो लाइन सुरू झाली, आता बोम्मसंद्राहून आर. व्ही. रोडपर्यंत बसून जाता येतं. रोज सिल्क बोर्डाकडे जाणाऱ्या पोरांना मी गाडी घेऊच नका म्हणतो, ते पैसे पार्किंगमध्ये उभे राहतात. पण हिची ड्यूटी अवेळी सुटते आणि राहायला आनेकलच्या बाजूला. तिकडे रात्री रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहावं लागतं. हिला गाडी हवीच.

साडेसात

हेब्बगोडीतल्या एका अपार्टमेंटच्या तळघरात पहिली गाडी. २०२० ची वॅगनआर व्हीएक्सआय, पांढरी, एकच मालक, किलोमीटर अगदी कमी. मालक सज्जन माणूस. "सर, तुंबा चेन्नागिदे," म्हणाला, आणि गाडी खरोखरच चांगली होती.

बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. ते उघडून आधी बोल्ट बघितले. बॉनेट आणि फेंडर धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या कडांवर पाना लागला की रंग उडतो, तिथे रंग शाबूत होता. दाराच्या चौकटीवरचं रबरी बीडिंग थोडं सोलून पिलरवरचे स्पॉट वेल्डिंगचे ठसे बघितले. कारखान्यातले ठसे गोल, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमध्ये ठोकून बसवलेल्या पिलरवर ते एकतर नसतात किंवा वेडेवाकडे असतात. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मीटरवर किलोमीटर कमी आणि टायर मात्र मधेच बदललेले दिसले तर प्रश्न विचारायचा. इथे चारही टायर आणि स्टेपनी गाडीच्याच वयाची होती.

भावाला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. त्याचं लायसन्स अगदी नवं आहे. "कोपरे दिसतात का?" तो मान उंच न करता म्हणाला, "दिसतात की काका, बॉनेटपण दिसतंय." नवशिक्यासाठी ही चौकोनी गाडी मला आवडते ती यासाठीच. १६७५ मिलिमीटर उंची, सरळ उभ्या काचा, बसायची जागा उंच. आपली गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे चालवणाऱ्याला अंदाजानं नाही, डोळ्यांनी कळतं. वळायला ४.७ मीटरची त्रिज्या पुरते, त्यामुळे अरुंद गल्लीत मागे-पुढे करून घाम फुटत नाही. बाहेरून गोंडस दिसणाऱ्या उतरत्या काचांच्या गाडीत नवा चालक मागचा खांब कुठे ठोकतो हे मी बघत आलोय.

बहीण खूश. "घेऊया ना काका?"

मी म्हटलं, "बस, आधी इडली खाऊ."

साडेनऊ

इडली थंड होईपर्यंत बोलत राहिलो, कारण मला जे सांगायचं असतं ते इथेच सांगायचं असतं. तरुण पोरं जुनी गाडी बघताना किलोमीटर बघतात, रंग बघतात, म्युझिक सिस्टीम बघतात. मी त्यांना म्हणतो, आधी साल बघा, आणि साल म्हणजे नोंदणीचं नाही, आरसी बुकात छापलेला उत्पादनाचा महिना.

एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारी बसणाऱ्याची एअरबॅग मात्र जुन्या मॉडेलांना सक्तीची व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या काळातल्या साध्या व्हीएक्सआयमध्ये ती नव्हती, हवी तर जास्त पैसे देऊन कंसात 'ओ' लिहिलेलं मॉडेल घ्यावं लागायचं. आणि बहुतेकांनी ते पैसे वाचवले. हेब्बगोडीतल्या त्या सुंदर पांढऱ्या गाडीत डाव्या सीटसमोर फक्त प्लॅस्टिक आहे.

"भाऊ चालवणार," मी तिला म्हटलं, "नवा आहे. तू कुठे बसणार?"

ती काही बोलली नाही.

पुढचंही सांगितलं, लपवून काय उपयोग. ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये जी वॅगनआर आपटून बघितली तिला दोन एअरबॅग होत्या, तरी मोठ्यांच्या सुरक्षेला एकच तारा मिळाला आणि लहान मुलांच्या सुरक्षेला शून्य. सांगाडाच अस्थिर ठरला. त्याच संस्थेच्या चाचणीत टाटा पंचला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले होते. पंचही उंच, चौकोनी, नवशिक्याला सोपी. बजेट ताणता येत असेल तर मी पंच सुचवतो, आणि ताणता येत नसेल तर वॅगनआर, पण २०२२ च्या आधीची नाही. २०२५ पासून नव्या वॅगनआरला सहा एअरबॅग आल्या. चांगलं झालं, पण एअरबॅगा वाढल्या म्हणून सांगाडा मजबूत झाला असं कुणी समजू नये. अशी गाडी ऐंशीच्या आत चालवायची, पट्टा मागच्यांनीही लावायचा, आणि रात्रपाळीनंतर होसूर रोडवर लॉरीच्या मागे चिकटून जायचं नाही.

अकरा

कागदपत्रं. भावाच्या डोक्यात कोल्हापूरची एक गाडी होती, एमएच-०९, इथल्यापेक्षा स्वस्त. मराठी पोरांना हा मोह हमखास होतो. गाडी स्वस्त दिसते, कारण कर्नाटकाचा आजीवन कर त्यात नसतो. पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर इथे १४ टक्के आणि वर उपकर, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर नवी नोंदणी करावीच लागते. म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथे गाडीच्या वयाप्रमाणे कमी झालेला पण तरी बोचणारा कर, आणि तिकडचा कर परत मिळवायला पुन्हा कोल्हापूरला अर्ज. ज्याच्या घरी कुणी मोकळं माणूस आहे त्यानं करावं. दोघंही पाळीवर असतील तर चंदापुरा आरटीओची केए-५९ बरी.

दुपारी एक

जेवणाआधी एका मोठ्या यार्डात डोकावलो. रांगेत गाड्या, प्रत्येकीला नुकताच पॉलिशचा हात. इथली एक २०२१ ची वॅगनआर भावाच्या डोळ्यात भरली, भाव चकित करणारा कमी. भाव एवढा कमी असला की मी सीटबेल्टकडे जातो.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी शेवटापर्यंत. माणूस रोज वापरतो तो भाग स्वच्छ असतो, कारण तो धुतलेला असतो. आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर भाग कुणी धूत नाही. तिथे बारीक गाळाची तपकिरी रेघ होती, सरळ, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत. मग सीटच्या खालच्या रुळांवर बोट फिरवलं, बोटाला गंज आला. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खोलगट भागात वाकून वास घेतला. बंगळुरात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बेळंदूर, महादेवपुरा बाजूला घरांच्या तळमजल्यांत आणि तळघरांत पाणी शिरलं होतं, गाड्या काचांपर्यंत बुडाल्या होत्या. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात कुठेतरी थोड्या बुडतातच. इंजिन साफ करता येतं. पण दाराच्या आतल्या वायरिंगची जोडणी आणि एअरबॅगची कंट्रोलची पेटी पाण्यात राहिली तर दोन वर्षांनी कधी दगा देईल सांगता येत नाही. मी भावाला बेल्टचा तो भाग हातात दिला आणि त्यानं स्वतःच गाडीचं दार बंद केलं.

दुपारी जेवताना तो विचारत होता, ही गाडी आपल्याकडे आली कुठून. जपानातून. सुझुकीनं १९९३ मध्ये ती तिथल्या केई वर्गात काढली, ६६० सीसीचं छोटं इंजिन, लांबी-रुंदीला कायद्याची मर्यादा. आडवी जागा वाढवता येत नाही म्हणून गाडी वर वाढवली. आपल्याकडे डिसेंबर १९९९ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी ह्युंदाईची सँट्रो आली होती, तीही उंच. आजच्या आकाराची वॅगनआर जानेवारी २०१९ ची. अमेरिकेत टोयोटानं २००३ मध्ये सायन नावाचा वेगळा ब्रँड काढून एक्सबी नावाची चौकोनी गाडी खास तरुणांसाठी विकली. होंडाची एलिमेंटही तरुणांसाठीच होती, पण ती विकत घेतली बऱ्याचशा त्यांच्या आईवडिलांच्या वयाच्या लोकांनी. चढायला-उतरायला सोपं, चारी बाजूंनी दिसतं, सामान बसतं, हे ज्याला गाडी रोज वापरायची आहे त्याला कुठल्याही वयात पटतं.

नवी घ्यावी का, हाही प्रश्न आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि वॅगनआरची सुरुवातीची शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आली. कर आणि विमा धरला की त्यावर लाखाच्या आसपास चढतात. तरी दोन-तीन वर्षं जुन्या गाडीचा मालक नवीच्या जवळ जाणारा भाव सांगू लागला तर मी नवीकडे वळवतो, कारण जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही जास्त पडतं. पण या दोघांकडे रोख आहे ती मर्यादित, आणि घरी पैसे पाठवायचे असतात.

साडेचार

बोम्मसंद्रातच, औद्योगिक वसाहतीच्या मागे, तिसरी वॅगनआर. उत्पादन मार्च २०२२, राखाडी, किलोमीटर सकाळच्या गाडीच्या दुपटीहून जास्त, मागच्या बंपरवर लांब ओरखडा. भावाचा चेहरा पडला. मी मात्र गाडीभोवती फिरताना खूश होत गेलो. डाव्या डॅशबोर्डवर एअरबॅगचं नाव कोरलेलं. बेल्टचं शेवटचं टोक नव्यासारखं. पिलरवरचे ठसे गोल. सर्व्हिसच्या नोंदी वेळच्या वेळी.

ट्रायलला पाळी सुटायच्या आधीच निघालो, कारण सहाच्या सुमाराला कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या की काही तपासता येत नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला, इंजिन लगेच बंद पडलं, म्हणजे क्लच ठीक. सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून काचा खाली करून गेलो, स्टिअरिंगखाली ठकठक नाही. मग फ्लायओव्हरवर. उंच गाडी आहे, वळणावर अंग झुकवते, आणि बाजूनं मोठी बस गेली की हलते, हे नव्या चालकाला आधी कळलेलं बरं. भावाला चालवायला दिली तेव्हा त्याला ते कळलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आले.

मालक म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," पण तोही किमतीत थोडा खाली आला. गाडीवर बँकेचं कर्ज आहे, ते फेडून आरसीवरून बँकेचं नाव उतरवायचं राहिलंय. ई-चलनंही बघून घेतली, सिग्नलचं एक निघालं, ते तो भरणार.

रात्री साडेआठ

वडिलांचा इचलकरंजीहून फोन. त्यांना सकाळची पांढरी गाडी पसंत होती, पोरीनं फोटो पाठवले होते. "पाहुणे, किलोमीटर कमी असलेली सोडून जास्त चाललेली का घेता?" मी त्यांना किलोमीटरचं गणित सांगितलं नाही. पोरगा चालवेल तेव्हा पोरगी शेजारी बसणार आहे आणि तिच्यासमोर एअरबॅग हवी, एवढंच सांगितलं. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मग पोरीला पुन्हा फोन केला. बंपर आत्ता रंगवायचा नाही, पहिल्या सहा महिन्यांत त्यावर आणखी ओरखडे येणार आहेत. भावाला रविवारी सकाळी घेऊन यायचं, कारखाने बंद असताना वसाहतीतल्या रस्त्यांवर कंटेनरच्या मधून रिव्हर्सचा सराव करायचा. विमा नाव बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत तिच्या नावावर करून घ्यायचा, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तिला मिळणार नाही, तो हिशेबात धरायचा नाही. आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ वरचा सही-शिक्का हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही, हे तिच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.