बसची पायरी चेसिस ठरवते

ग्लासगो, पर्थ आणि बेंगळुरू या शहरांतील बस दिसायला एकमेकींहून वेगळ्या असल्या, तरी गेल्या दोन दशकांत तेथे धावलेल्या अनेक बसच्या तळाशी एकच चेसिस होती : व्होल्वो बी७आरएलई. चेसिस म्हणजे चाके, इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांसह तयार होणारा बसचा पाया. त्यावरची बॉडी पुष्कळदा दुसराच कारखाना बांधतो. ब्रिटनमध्ये हे काम प्रामुख्याने उत्तर आयर्लंडच्या राइटबसने केले, ऑस्ट्रेलियात व्होलग्रेनने.

नावातच रचनेचे सूत्र आहे. ७ म्हणजे सात लिटरचे इंजिन, ‘आर’ म्हणजे ते मागे बसवलेले, आणि ‘एलई’ म्हणजे लो एन्ट्री.

जुन्या बसमध्ये चेसिसचे सरळ पोलादी दांडे दोन्ही अ‍ॅक्सलवरून जात. तळ त्यांच्याही वर असल्याने दाराशी उंच पायऱ्या अटळ होत्या. लो-फ्लोअर रचनेत इंजिन मागे जाते, दोन अ‍ॅक्सलमधला सांगाडा खाली उतरवला जातो आणि पाट्यांच्या जागी हवेचे सस्पेन्शन येते. त्यातील हवा सोडली की बस थांब्याच्या बाजूला झुकते.

लो एन्ट्री ही मात्र तडजोड आहे. पुढच्या दारापासून मागच्या चाकांच्या अलीकडेपर्यंतच तळ सखल असतो. त्यामागच्या आसनांसाठी पायऱ्या चढाव्या लागतात. व्होल्वोच्याच बी७एलमध्ये इंजिन मागच्या कोपऱ्यात उभे बसवून सखल तळ शेवटपर्यंत नेला होता. पण त्या इंजिनाने प्रवाशांची जागा व्यापली. अनेक परिवहन संस्थांना सोपी, आसनांना अधिक वाव देणारी लो एन्ट्रीच सोयीची वाटली.

या बदलामागे कायद्याचा रेटाही होता. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याने, तर ब्रिटनमध्ये २००० च्या नियमांनी बस सर्वांना वापरता येण्याजोगी करणे बंधनकारक केले. ब्रिटनमधील नियमित मार्गांवरील एकमजली बससाठी अंतिम मुदत १ जानेवारी २०१६ होती, दुमजलीसाठी १ जानेवारी २०१७.

भारतात बी७आरएलई बेंगळुरूत ‘वज्र’ सेवेत आणि नंतर नवी मुंबईतही धावली. भारतीय शहरी बसच्या निकषांत मात्र ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा तीनही उंचींच्या तळांना स्थान मिळाले. निविदेत यांपैकी कोणता आकडा लिहिला जातो, यावर गुडघेदुखीचा ज्येष्ठ नागरिक किंवा व्हीलचेअरवरील प्रवासी बसमध्ये चढू शकेल की नाही, हे ठरते.

तरीही सखल तळ एकटा पुरेसा नाही. झुकल्यावर तळ २५० मिलिमीटरवर आला आणि पदपथ १५० मिलिमीटर उंच आहे असे धरू. बस पदपथाला लागून उभी राहिली, तर एक मीटरच्या रॅम्पला केवळ १०० मिलिमीटरचा चढ उरतो. तीच बस रस्त्याच्या मध्यावर थांबली, तर चढ २५० मिलिमीटर होतो आणि मदतीशिवाय व्हीलचेअर चढवणे अवघड बनते.

बी७आरएलईची जागा आता बी८आरएलईने घेतली आहे आणि विजेवरील बसमध्ये बॅटऱ्यांचा मोठा भार छतावर नेता येतो. पण चेसिसइतकेच लक्ष थांब्याकडे, रॅम्पच्या देखभालीकडे आणि चालकाच्या प्रशिक्षणाकडे दिले, तरच खाली आलेल्या तळाचा लाभ प्रवाशापर्यंत पोहोचतो.