उरला तर वेळ

सकाळी साडेसहाला ओट्यावर चहाचा कप असतो. पहिला घोट घेतला की कुकरची शिट्टी होते. दुसऱ्या घोटाआधी मुलाचा मोजा सापडेनासा होतो, मग नळाला पाणी येतं, मग डबे भरायचे असतात. कपाकडे पुन्हा लक्ष जातं तेव्हा चहावर साय धरलेली असते आणि तो उभ्याउभ्याच संपवला जातो. या चहाला सरकारी हिशेबात कुठे जागा आहे, हे पाहण्यासारखं आहे. आपल्या देशात लोक दिवसाचे 24 तास कशात घालवतात याची देशव्यापी पाहणी 2019 आणि 2024 साली झाली. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत काय काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत विचारून लिहिलं जातं. 2024च्या पाहणीत झोप, जेवण, अंघोळ अशा स्वतःच्या निगेच्या कामांत बायकांची दिवसाकाठी सरासरी 706 मिनिटं गेली आणि पुरुषांची 710. फरक अवघा चार मिनिटांचा. हा आकडा पुढे करून कुणी म्हणेल, की मग तक्रार कशाची? पण 2019च्या पाहणीचा नियम असा होता, की एका रकान्यात फार तर तीन कामं लिहायची आणि तीही दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली. तीन वेळा उचलून खाली ठेवलेला कप अशा जाळीतून गळून पडतो. बेरीज खरी असते, पण ती किती तुकड्यांची आहे हे ती सांगत नाही.

स्वतःकडे बघण्याचा प्रश्न मुळात मिनिटांचा नाही, सलगपणाचा आहे, असं मला वाटतं. वीस मिनिटं कुणीही हाक मारणार नाही ही खात्री आणि हाकांच्या मधल्या फटींतून गोळा केलेली वीस मिनिटं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत शरीर खरोखर सैलावतं, दुसरीत कान दारापाशीच असतात. ही खात्री कुणाला मिळते आणि कुणाला नाही, याचा अंदाज त्याच पाहणीतल्या दुसऱ्या आकड्यांवरून येतो. 2019 साली घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज 299 मिनिटं जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका 81 टक्के होत्या, पुरुष 26 टक्के. पाच वर्षांनी हेच आकडे 289 आणि 88 झाले. दोघांचंही काम थोडं कमी झालं, मिक्सर-वॉशिंग मशीननं असेल किंवा बाहेरून मागवलेल्या जेवणानं, पण दोघांमधलं अंतर 202 मिनिटांवरून 201 वर आलं. एका मिनिटाचा फरक! यंत्रं घरात आली, काम मात्र कुणाकडून कुणाकडे गेलं नाही.

म्हणूनच ‘पहाटे पाचला उठा, अर्धा तास स्वतःला द्या’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा निर्दयही. जिची झोप आधीच अकराच्या पुढे ढकललेली आहे तिला तो झोपेतूनच अर्धा तास काढायला सांगतो. घेणारी तीच आणि देणारीही तीच. यावर जुन्या पिढीचं नेहमीचं म्हणणं असतं, की आमच्या वेळी कुठे होती ही थेरं, आणि आम्ही काय जगलो नाही? पण त्यांच्या वेळी एक गोष्ट होती, तिच्याकडे नीट बघायला हवं. बाळंतिणीचा सव्वा महिना. अंगाला तेल, ऊन पाणी, शेक, डिंकाचे लाडू आणि पाण्यात हात घालायची बंदी. हे सगळं बाईच्या मर्जीवर किंवा तिच्या निर्धारावर सोडलेलं नव्हतं, तो घराचा नियम होता. तिला ते मागावं लागत नव्हतं, त्यामुळे अपराधी वाटण्याचा प्रश्न नव्हता. मजुरी करणाऱ्या बाईला हा सव्वा महिना क्वचितच मिळाला, आणि ज्यांना मिळाला त्यांचं काम आई, सासू किंवा जाऊ करत होती, हेही खरं. पण त्यातली युक्ती पक्की होती: विश्रांतीची मुदत आधी ठरवायची आणि त्या मुदतीत काम कुणाचं, हेही तेव्हाच ठरवायचं.

आजच्या संशोधनाचा कलही याच बाजूचा आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर सवयींचा अभ्यास केला. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी गोष्ट दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला, जसं की न्याहारीनंतर, जोडून दिली तर ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला त्यांच्या अंदाजानं 254. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे मनोबलापेक्षा खुंटी महत्त्वाची. मात्र ज्या घरात न्याहारीनंतरचा वेळ रोज दुसऱ्याच्या गरजेनुसार सरकतो तिथे खुंटी ठोकायला भिंतच नसते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली व्यायामाच्या शिफारशी सुधारल्या आणि एका दमात किमान दहा मिनिटं व्यायाम व्हायला हवा, ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल हवी, तुकड्यांत झाली तरी चालते. मग तुकड्यांना नावं का ठेवायची? स्नायूंपुरतं हे खरं आहे आणि दिलासा देणारं आहे. एक थांबा आधी उतरून चालणं, जिना चढणं, हे जरूर करावं. पण झोप, शांतपणे जेवणं, दुखणाऱ्या गुडघ्यासाठी दवाखान्यात जाऊन बसणं, या गोष्टी तुकड्यांत होत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, पुरुषांत 25 टक्के. याला पाळी, बाळंतपणं, आहार अशी बरीच कारणं आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पातेल्यातच कालवून खाण्याची रीत त्यात काहीच भर घालत नसेल, हे पटत नाही.

आणि सगळं घरातच सुटतं असंही नाही. आयुर्वेदात लघवीसारखे नैसर्गिक वेग अडवू नयेत, असं बजावलेलं आहे. बाजारात दिवसभर भाजी विकणारी बाई मात्र ते अडवण्यासाठी पाणीच कमी पिते. मुंबईत 2011 साली ‘राइट टू पी’ ही मोहीम याच कारणानं उभी राहिली. त्या भाजीवालीला कुणी भरपूर पाणी प्या म्हणून सांगण्याआधी जवळ स्वच्छ मुतारी हवी. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या वॉचमनचंही तसंच, त्याच्या झोपेचा निर्णय ड्युटीचा तक्ता घेतो.

ज्यांच्या हातात तक्ता आहे, त्या मध्यमवर्गीय घरांना मात्र सबब नाही. तिथे ‘मी मदत करतो’ हे वाक्य आधी सोडावं लागेल, कारण मदत मागावी लागते आणि मागण्यासाठी आठवावं लागतं. तूरडाळ संपत आली आहे, मुलाच्या वहीवर सही राहिली आहे, सासऱ्यांच्या गोळ्या उद्यापुरत्याच आहेत, हे सगळं डोक्यात ठेवून फिरायला गेलेली बाई फिरायला गेलेलीच नसते. संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ स्वयंपाकघर नवऱ्याचं, असं ठरलं असेल तर तो पाऊण तास भाजी, कुकर आणि संपलेली डाळ, सगळंच त्याचं. तेवढ्या वेळात जिऱ्याचा डबा कुठे आहे, अशी हाक बाहेरच्या खोलीत येता कामा नये.